देवीचे उजवे, आपले डावे

इब्रामपूरच्या देवीला जर कोणी विचारले की, बाई, या गावात तुला सगळ्यांत जास्त छळले कोणी, तर ती डोळे मिटून आमच्या आतोबांकडे बोट दाखवील. भक्तांचा तिला त्रास नाही. ते वर्षातून दोनदा ओटी घेऊन येतात, ठरलेले मागणे मागतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. नास्तिकांचा तर त्याहून नाही. ते बिचारे देवळाच्या वाटेलाच जात नाहीत. आतोबा यांतल्या कुठल्याच पंक्तीत बसत नाहीत. ते देवळात जातात, मनोभावे हात जोडतात, आणि हात जोडलेले असतानाच विचारतात, "म्हणजे कितें?" आरतीचे शेवटचे कडवे संपायच्या आत विचारतात, खोबऱ्याचा तुकडा तोंडात घोळवताना विचारतात, आणि एकदा तर एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना एका मंत्राचा अर्थ विचारला होता. भटजींनी तो सांगितला नाही, मुहूर्त मात्र चार मिनिटांनी हुकला. वराच्या मावशीने त्यांच्याशी धरलेला अबोला अजून सोडलेला नाही.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला. अख्खा गाव त्यांना 'फिटरबाब' म्हणतो. खाणी बंद पडल्या तेव्हा सोबतची माणसे हवालदिल झाली, कोणी टॅक्सी घेतली, कोणी गाव सोडला. आतोबा हत्यारांची लोखंडी पेटी खांद्यावर टाकून इब्रामपूरला घरी आले आणि म्हणाले, "आता मशिनां नायत, तर शास्त्र तपासूया." त्यांचा सिद्धान्त सोपा होता. दुकानाच्या फळीवर कुठलाही पार्ट छानच दिसतो, कारण तिथे त्याला काही काम नसते. तो इंजिनात बसवायचा, इंजिन चालू करायचे, मग बोलायचे. शास्त्रवचनांचेही तसेच. कीर्तनात सगळीच वचने झकपक दिसतात. एकेक घेऊन महिनाभर अंगावर चालवून बघितल्याशिवाय ते शहाणपण आहे की नुसता आवाज, हे कळायचे कसे?

मग त्यांनी खरोखरच तपासणी सुरू केली. वर्कशॉपातली कोरी जॉब कार्डे त्यांच्याकडे गठ्ठ्याने शिल्लक होती. एका कार्डावर एक वचन लिहायचे, कार्ड स्वयंपाकघराच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, टांगायचे आणि महिन्याच्या शेवटी निकाल लिहायचा. निकाल तीनच. 'बसता', 'बसना' आणि 'घासून बसता'. या तिसऱ्या निकालाचा त्यांना फार अभिमान. "जुनो पार्ट नव्या इंजिनात सरळ बसना गो बाय," ते मला समजावत. "म्हणून तो उडवंचो नसता. आनी ठोकून बसवंचोय नसता. कानस घेवन घासचो पडता. आमचे लोक एक तर उडयतात, नाय तर ठोकतात. घासूक कोणाक वेळ आसा?" मी वास्कोला एका जहाजांच्या कचेरीत नोकरी करते. आमच्याकडे दोन्ही जातीचे लोक भरपूर आहेत, त्यामुळे मला हे ताबडतोब पटायचे.

पहिला महिना 'पाहुणा म्हणजे देव' या वचनाचा होता. इब्रामपूर पडले महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, आडवाटेला. तिथे पाहुणा येणार कोण? पंधरा दिवस वाट बघून अखेरीस विजेचे मीटर वाचणारा माणूस आला. आतोबांनी त्याला चांगल्या कदेलीवर, म्हणजे घरातल्या एकुलत्या एक हातांच्या खुर्चीवर बसवले, पाय धुवायला गरम पाणी दिले, आणि आत्याने केलेल्या पातोळ्या खायला घालून त्याला नमस्कार केला. या घरात मीटरमध्ये काहीतरी जबरदस्त गडबड असणार अशी त्या माणसाची खात्री झाली. दुसऱ्या दिवशी तो साहेबाला घेऊन आला आणि दोघांनी दोन तास मीटर खोलून तपासले. साहेबालाही पातोळ्या मिळाल्या. निकाल : घासून बसता.

'फळाची आशा धरू नये' हे वचन ऐन काजूच्या हंगामात निघाले. महिनाभर डोंगरीवर राबायचे, पण झाडाकडे वर बघायचे नाही, असा नेम त्यांनी केला आणि आत्यालाही घातला. वर बघायची सगळी जबाबदारी अर्थातच माकडांनी उचलली. "बसता," आतोबांनी प्रामाणिकपणे लिहिले, "पूण माकडांक आधी बसता." देव सर्वत्र आहे, या वचनाच्या महिन्यात न्हाणीघरात विंचू निघाला. आतोबा त्याच्यासमोर उकिडवे बसून, विंचवातल्या देवाशी कसे वागावे याचा विचार करू लागले. आत्या मागून आली आणि तिने पायातली वहाण काढून एका फटक्यात तो विचार संपवला. आतोबा दुखावले. "त्यात देव होतो गो!" आत्या वहाण झटकत म्हणाली, "माझ्या व्हाणेंतय आसा." त्या कार्डावर निकाल काय लिहावा हे आतोबांना पुढे कित्येक दिवस सुचले नाही. अखेर त्यांनी 'हिका विचारचें' एवढेच लिहून ठेवले.

कोणी म्हणेल, हा सगळा थट्टेचा मामला. तसे मुळीच नाही. आतोबांइतकी धर्माची थट्टा न करणारा माणूस मी पाहिलेला नाही. थट्टा करणारा वचन ऐकून हसतो आणि निघून जातो. हा माणूस ते घरी आणून त्याच्याबरोबर महिना काढतो. त्यात आपपरभावसुद्धा नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी घेताना त्यांना एक म्हातारे पाद्री भेटले. आतोबांनी तिथेच, सुक्या बांगड्यांच्या ढिगाशेजारी, त्यांना गाठले. "पाद्रीबाब, शेजाऱ्यार मोग करचो, प्रेम करचो म्हणतात. शेजारी खंयपर्यंत धरचो? कुंपणापर्यंत काय वाड्यापर्यंत?" पाद्री हसले. म्हणाले, "जो शेजारी नको दिसता, ताच्यापासून सुरू करात." आतोबा घरी येईपर्यंत बसमध्ये कोणाशी बोलले नाहीत. त्या कार्डावर त्यांनी महिना संपायची वाट न बघता 'बसता' असे लिहिले, आणि ज्याच्या कोंबड्या आमच्या आळ्यातली अळूची रोपे उकरत त्या शेजाऱ्याला बोलावून चहा पाजला. कोंबड्या सुधारल्या नाहीत. आतोबा मात्र थोडे सुधारले, असे आत्याचे मत होते.

एकाच गोष्टीचा निकाल त्यांनी कायमचा लावून टाकला होता, आणि ती म्हणजे कौल. आमच्याकडे घरातले कुठलेही मोठे काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना भिजवलेल्या फुलपाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, म्हणजे आपला प्रश्न देवीला मोठ्याने सांगतो, आणि सगळे श्वास रोखून उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. आतोबांनी हे तपासायला आत्याचा पाटा भिंतीशी उभा केला आणि त्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटवून समोर ठाण मांडले. तीन दिवस घरात माशांच्या आमटीला वाटण मिळाले नाही. कधी इकडची पाकळी पडे, कधी तिकडची. शेवटी त्यांच्या ध्यानात आले की ज्या बाजूला ऊन येते तिथली लवकर सुकते आणि पडते. "हो कौल देवीचो न्हय," त्यांनी जाहीर केले, "हो जनेलाचो." मोठ्या अक्षरांत 'बसना' लिहिलेले ते कार्ड त्यांनी गुरवाला दाखवायला देवळात नेले. गुरव आणि ते एकाच वयाचे, प्राथमिक शाळेत एका बाकावर बसलेले. गुरव मितभाषी. त्याने कार्ड वाचले, परत दिले आणि म्हणाला, "अक्षर बरां आसा."

हे सगळे हसण्यावारी चालले होते तोपर्यंत ठीक होते. मागच्या वर्षी आत्याला चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितले की काळजातली एक झडप खराब झाली आहे, ती बदलावी लागेल. झडप म्हणजे व्हॉल्व्ह. म्हणजे आतोबांचे माहेरच. त्यांनी डॉक्टरांना व्हॉल्व्ह कशाचा, किती वर्षे टिकतो, गळू लागला तर कसे कळते, असे इतके प्रश्न विचारले की डॉक्टरांनी शेवटी विचारले, आपण कुठल्या इस्पितळात होता? डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. ऑपरेशनात धोका आहे. न करण्यात जास्त आहे. आणि वेळ फार नाही.

घरी आल्यावर आत्याने पदराने कपाळ पुसले आणि म्हणाली, "देवीचो उजवो कौल मेळल्याबगर हांव टेबलार निजचें ना."

आतोबांनी आठ दिवस तिला समजावले. पाटा पुन्हा भिंतीशी उभा केला. कागदावर काळजाचे चित्र काढले, बाण काढले. आत्या सगळे शांतपणे ऐकून घेई आणि "जेवून घ्यात" म्हणे. आत्या भांडली असती तर आतोबा जिंकले असते, पण ती भांडतच नव्हती. शेवटी त्यांनी मला फोन केला. मी तीन बस बदलून पोचले. आतोबा पडवीत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर कधी न पाहिलेली गोष्ट होती : त्यांच्याकडे एकही प्रश्न नव्हता.

मी तशी व्यवहारी बाई. मी म्हटले, "आतोबा, एवढे काय त्यात? कुठली पाकळी आधी पडते हे तुम्हाला ठाऊक आहे. गुरवमामांना सांगू या, उजवीकडची जरा कमी भिजवा म्हणून. आत्याचे समाधान, आपले ऑपरेशन."

ते माझ्यावर असे उसळले की मी दोन पावले मागे सरले. "जें आपूण मानना, तेका फसवंचें कशें गो? आनी ती मानता. तिका फसवून तिचें काळीज बरें करूं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या हांव येतां देवळात. सरळ विचारूया. उलटो पडलो तर परत समजावूंया. मरासर समजावूंया. पूण फसवंचें नाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आम्ही तिघे देवळात गेलो. गुरवाने पाकळ्या भिजवल्या, लावल्या, आणि आतोबांकडे वळून म्हणाला, "सांगात, फिटरबाब. गाऱ्हाणें कितें घालूं?" आतोबांनी घसा खाकरला आणि काळजाला किती कप्पे असतात इथपासून सुरुवात केली. गुरवाने थोडे ऐकले. मग हात वर केला. "कौलाक एकच प्रश्न. व्हय वा नाय."

"हिचें ऑपरेशन करचें काय नाय?" आतोबा म्हणाले.

"काळीज कोणाचें?"

"तिचें."

"मग तो प्रश्न तिचो. ती हंयच उबी आसा, ती विचारतली. दुसऱ्याचो प्रश्न घेवन देवीसमोर उबें रावंक जायना, हो आमचो रिवाज. तुमचो प्रश्न कितें?"

जन्मभर जगाला प्रश्न विचारलेल्या या माणसाला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. कार्ड काढायची सवय म्हणून हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. मी आत्याकडे बघितले. ती देवीकडे बघत नव्हती, आतोबांकडे बघत होती. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल चालू होऊन लांब गेली. मग आतोबांनी देवीकडे बघून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात विचारले, "हिच्याबगर माका जमचें नाय. ही माझ्याबरोबर रावतली काय?"

गुरवाने ते गाऱ्हाण्यात घातले, शब्दही न बदलता. आम्ही उभे राहिलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग एक पाकळी सुटली आणि खाली पडली. डावीकडची. आतोबांचा चेहरा राखेसारखा झाला. आणि आत्या हसली.

"उजवो दिलो," गुरव म्हणाला.

"डावी पडली!" आतोबा जवळजवळ ओरडले.

"तुमची डावी. कौल देता ती देवी. उजवें तिचें धरचें, फिटरबाब, तुमचें न्हय. ती आमच्याकडे तोंड करून बसल्या."

एवढी वर्षे पाट्यासमोर बसून, सगळी कार्डे लिहून, आतोबांनी प्रत्येक कौल आपल्या बाजूने बघितला होता. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, कारण ती त्यांना ठाऊक नसेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. मला एवढे हसू आले की मी खांबामागे गेले. गुरव आत्याला म्हणाला, "आता तुमचो प्रश्न सांगात." आत्याने मान हलवली. "नको. माझो प्रश्न जालो."

गुरुवारी ऑपरेशन झाले, चांगले झाले. आत्या शुद्धीवर आली, तिने पेज मागितली, आणि आतोबांना विचारले, "व्हॉल्व गळना मगे?" पाचव्या दिवशी तिला ताप चढला. आठव्या दिवशी पहाटे आत्या गेली. कोणाची चूक नव्हती. डॉक्टरांनी धोका सांगितला होता आणि जीव तोडून प्रयत्न केले होते. पण माणसाला चूक कोणाची तरी लागतेच, आणि मी माझ्यापुरती ती शोधून ठेवली होती. गुरव दारात येऊ दे, मग बघते, असे म्हणत मी ते दिवस काढले.

तो तेराव्यानंतर आला. दुपारची वेळ होती. पडवीत आला, पण बसला नाही. त्याने नजर वर उचलली नाही.

"फिटरबाब," तो म्हणाला, "तुमी म्हणत होते तेंच खरें. पाकळी ती पाकळी. हांव आता कौल लावचो नाय. सकाळसून एक बायल येवन देवळात बसल्या. तिकाय नाय म्हणून सांगलां."

माझ्या जिभेवर सगळे तयार होते. खरे सांगायचे तर आतोबांच्याही जिभेवर असायला हवे होते. हे ऐकायलाच तर ते इतकी वर्षे भांडले होते. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"पाकळी चुकली," ते म्हणाले. "ती कशीय पडता, हें हांव पयल्यापासून सांगतां, आनी मरासर सांगतलो. पूण प्रश्न बरोबर होतो. आमच्या म्हाताऱ्यांनी शाणेपण पाकळेत घालूंक नाय, गुरवा. प्रश्नात घातलां. तूं माका 'तुमचो प्रश्न कितें' म्हणून परत फिरवलो नसतो, तर हांव व्हॉल्वाची गजाल सांगून घरा इल्लो असतो. लग्नापासून तिका हांवें एकदाय..." ते वाक्य त्यांनी तिथेच सोडले. "ती आयकून गेली."

आतोबा उठले, खुंटीवरचा शर्ट घेतला आणि उलटसुलट बटणे लावू लागले. "चल. नाय म्हणूंक तूं कोण? ती बायल सकाळसून बसल्या. तिका विचार, तिचो प्रश्न कितें. पाकळेचें मागीर बघूया." गुरव हलेना, तेव्हा त्यांनी त्याचा दंड धरला. दोघे म्हातारे उन्हातून देवळाच्या वाटेने निघाले, आणि वळणापर्यंत जाईस्तो पाकळीवरून त्यांचे पुन्हा वाजलेले मला ऐकू येत होते.

मला गुरवावर ओरडायचे होते ते राहूनच गेले. मी पडवीत उभी होते. लहानपणापासून आत्याकडे येत होते मी. काय आणू, कधी येऊ, बरी आहेस ना, एवढेच तिला विचारत आले होते. तुला काय हवे आहे गं, असे एकदाही विचारले नव्हते. घरात कोणी नव्हते. मी ते मोठ्याने विचारून बघितले.